शू झाली का?

"शू झाली का तिला?"

आप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं.

डॉक्टर नेजदारांना वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी हातातली रिपोर्टांची चळत पुन्हा वरून उलगडली.

"ताप आठवडाभर हटत नाही, आप्पा. डोळे लाल, ओठ फुटलेत, तळवे सुजलेत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना दाह व्हायला लागलाय. हा कावासाकी आजारच आहे. मी तर दारातून बघूनच ओळखलं."

"दारातून?"

"हो."

"बरं... शू?"

नेजदारांनी रिपोर्ट मिटले.

हे आप्पा म्हणजे आमच्या टेकडीवरच्या मठातले साधू. कफनी घालतात, ओसरीत पाटावर बसतात, पण त्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी मोठ्या शहरात लहान मुलांच्या मूत्रपिंडांचे डॉक्टर म्हणून काढलं होतं. मठात आले आणि पहिलं काम त्यांनी हे केलं, की भोजनशाळेतल्या पंगती अंगणात हलवल्या आणि आत मुलांच्या खाटा टाकल्या. लामणदिवे टांगायच्या जुन्या पितळी साखळ्या छताला तशाच होत्या. त्यांना आता सलाईनच्या बाटल्या लटकतात.

नेजदार त्यांच्याकडे शिकायला आले होते. त्यांना सुवर्णपदक मिळालेलं होतं. ते त्यांनी आम्हाला कधी दाखवलं नाही, पण मठातल्या म्हशींनासुद्धा ते ठाऊक होतं.

एक मात्र खरं. नेजदारांचा हात भलता स्थिर. सुई अशी टोचायचे, की पोराला रडायला उशीर व्हायचा.

आप्पांचं उलटं. ते तांब्या उचलायचे तेव्हा निम्मं पाणी कफनीवर सांडायचं. वय झालं आता, असं आम्ही म्हणायचो.

"कालचं क्रिएटिनिन ठीक आहे," नेजदार म्हणाले. "मूत्रपिंडाचं म्हणत असाल तर."

"काल होतं."

"रात्रीतून काय बिघडणार आहे?"

ओसरीच्या खाली मठाची मांजर ऊन खात पडली होती. आप्पा तिच्याकडे बघत बसले...

मग म्हणाले, "यावर जे औषध लावणार आहेस, ते मूत्रपिंडाला काय करतं, सांग बघू."

नेजदारांचा चेहरा खुलला. परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला होता.

"हे औषध म्हणजे प्रतिद्रव्यं, हजारो माणसांच्या रक्तातून काढलेली. ती टिकावीत म्हणून काही बाटल्यांत साखर घालतात. ती साखर मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशींत जाऊन बसते. मागोमाग पाणी ओढते. पेशी फुगतात, नळ्या बुजतात. लघवी कमी होते, कधी बंदच पडते. मूल आधीच सुकलेलं असेल किंवा औषध जोरात सोडलं, तर धोका वाढतो. बहुतेकदा मूत्रपिंडं पुन्हा चालू होतात. क्वचित डायलिसिस लागतं."

"शाब्बास. एक शब्द चुकला नाही."

"थँक यू, आप्पा."

"आणि ही बाटली?"

"साखरेची आहे. तालुक्याला हीच मिळाली. दुसरी हवी तर पुण्याहून आणावी लागेल, आणि तोवर हृदयाचा दाह काही थांबणार नाही."

"भीती वाटते?"

"कशाची?"

"आत्ता तूच सांगितलंस त्याची."

नेजदार हसले. "फार क्वचित होतं ते, आप्पा. हजारांत एखाद्या मुलाला."

"ते एखादं मूल कुठं राहतं?"

हा प्रश्न परीक्षेत आला नव्हता.

आप्पांनी तांब्या उचलला, घोटभर प्यायले, बाकीचं कफनीवर सांडलं.

"तुझा हात थरथरतो का रे कधी?"

"कधीच नाही." हे सांगताना नेजदारांनी हात पुढं धरूनही दाखवला. पाटासारखा सपाट होता.

"मग थांब जरा," आप्पा म्हणाले. "तिला पाणी पाज. शू झालेली बघ. मग मला हाक मार, आपण मिळून लावू. औषध द्यायचंच आहे. पण असं नाही."

एवढं सांगून ते काठी घेऊन खालच्या वाडीत गेले. तिथं एका घरी बाळंतिणीचं मूल दूध ओढत नव्हतं.

ओसरी आणि वॉर्ड यांच्यात भिंत नाही, नुसती लाकडी जाळी आहे. हे आम्हाला माहीत होतं. नेजदारांनाही माहीत होतं. त्यांच्या ध्यानात आलं नाही इतकंच.

जाळीच्या पलीकडे रेश्मा चौगले आपल्या लेकीच्या उशाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. त्यातलं कळलं थोडंच. कळलं ते असं, की औषध लागलं नाही तर पोरीच्या काळजाला धोका आहे, आणि शू झाल्याशिवाय औषध लागणार नाही.

लेकीचं नाव शिवन्या. पाच वर्षांची. घरात शिवू म्हणायचे. एरवी ही पोर अंगणभर नाचणारी, आता खाटेवर मुटकुळं करून पडली होती. हाताला फळी बांधलेली, फळीवर सुई.

नेजदार दाराशी आले. हातातल्या मोबाईलवर कुणाचा तरी फोन चालू होता. त्यांनी तो कानापासून जरा लांब धरला.

"शू झाली का हिला?"

रेश्मानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं आईकडे पाहिलं.

"व्हय सायेब. झाली की. मगाशीच."

"पाणी पितेय?"

"पितीया."

"गुड," नेजदार म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलू लागले.

आप्पांना हाक मारायची होती. पण आप्पा टेकडी उतरून गेले होते आणि ते कधी येतील याचा भरवसा नव्हता. शू झाली होती, पाणी चालू होतं, आणि हृदयाचा दाह थांबणार नव्हता. नेजदारांनी स्वतःच बाटली साखळीला टांगली.

सुरुवातीला थेंब हळू सोडले. पुस्तकात तसंच लिहिलंय. पोरीला काही झालं नाही, अंगावर पुरळ नाही, थंडी नाही. मग त्यांनी नळीवरचं चाक जरा पुढं सरकवलं. दुपारी आणखी जरा. संध्याकाळच्या आत संपलं असतं तर बरं होतं.

येता-जाता ते दारातूनच बाटलीकडे बघत. थेंब पडत होते.

उन्हं कलली तेव्हा शिवू म्हणाली, "आये, डोळं उघडंनात गं."

रेश्मानं वाकून पाहिलं. पापण्या फुगल्या होत्या, झोपेतून उठल्यावर फुगतात तशा. पण पोर झोपली कुठं होती?

तिनं नेजदारांना हाक मारली. ते आले, दारात थांबले, आणि मग त्यांना आत यावंच लागलं.

त्यांनी पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

ते खाटेखाली वाकले. मठात आल्यापासून पहिल्यांदाच वाकले असावेत. खाटेखाली स्टीलचं भांडं होतं, पोरांना शू करायला ठेवतात ते. त्यांनी ते ओढून उजेडात धरलं.

भांडं कोरडं होतं. तळाशी एक मुंगी फिरत होती.

"हे... हे कधी धुतलं?"

"धुतलंच न्हाई की," रेश्मा म्हणाली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

नेजदारांनी नळीवरचं चाक फिरवून थेंब थांबवले. नळ्या बुजतात. लघवी बंद पडते. सकाळी हे शब्द त्यांनी किती सहज म्हटले होते. आता तेच शब्द या खाटेवर येऊन पडले होते आणि त्यांना शिवू असं नाव होतं.

त्यांनी रक्त काढून तपासायला दिलं. सुई टोचताना हात स्थिर होता की नाही, ते त्यांना आठवत नाही.

आप्पा आले तेव्हा कफनीच्या कडेला चिखल होता. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, एकदा भांड्याकडे. मग काठी भिंतीला टेकवली आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले.

ते कधी ओरडतील, याची नेजदार वाट बघत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बाटली थांबवलीस?"

"हो."

"रक्त?"

"केलं. क्रिएटिनिन..." नेजदारांनी कागद पुढं धरला. "कालच्या दुप्पट झालंय."

"गाडी?"

"कसली गाडी?"

"जिल्ह्याला न्यायची. डायलिसिस लागलं तर. दारात लावून ठेवायला सांग."

नेजदारांनी वॉर्डातल्या सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पळत गेली.

रेश्मानं तो शब्द धरला. "डायलिसिस म्हंजे काय वो, आप्पा?"

"मूत्रपिंडांनी काम थांबवलं, तर तेवढे दिवस ते काम यंत्र करतं."

"लागंल?"

"लागेलच असं नाही, लेकी. लागणार नाही, असंही सांगत नाही."

पलीकडच्या खाटेवरची एक बाई आपल्या पोराला छातीशी घेऊन दुसरीकडे तोंड करून बसली. असली भीती आपल्या पोरालाही लागेल असं वाटतं माणसाला.

आप्पांनी तांब्या मागितला. पाणी सांडत-सांडत फुलपात्रभर ओतलं आणि शिवूच्या तोंडाशी धरलं.

पोरीचे ओठ कोरडे होते, फुटून रक्त सुकलं होतं. तिनं पाण्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. पिऊ का, असं विचारत होती.

रेश्मानं लेकीचा हात धरला.

"मीच पाणी तोडलं, आप्पा." तिला हुंदका आवरेना. "पाणी प्याली की वकती. आन पोटात ठरलं तर शूला न्यावं लागतंय, अंगण वलांडून, ही नळी हातात धरून. काल तसंच नेताना सुई निसटली. परत टोचली, तर पोर किती वराडली... भांड्यात करत न्हाई ती, लाजती. म्हनून म्हटलं, पाणीच नगं. शू बी नगं."

"शू कधी झाली शेवटची?"

"काल दिस मावळताना."

नेजदार म्हणाले, "पण सकाळी तू मला..."

"व्हय म्हटलं. खोटं बोलले, सायेब." तिनं जाळीकडे बोट दाखवलं. "तुमचं बोलणं ऐकलं मी. शू झाल्याबिगर औषध न्हाई. आन औषध न्हाई तर पोरीचं काळीज... मग काय म्हणणार हुते मी?"

नेजदारांनी जाळीकडे पाहिलं. तिच्यातून पाट दिसत होता, मांजर दिसत होती. सकाळपासून ते तिथून किती वेळा गेले होते.

"तू भ्यायलीस म्हणून खोटं बोललीस," आप्पा तिला म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "आणि हा भ्यायला नाही, म्हणून त्याला ते खरं वाटलं."

रेश्मा रडायची थांबली. नेजदारांनी मान खाली घातली.

"आता काय करायचं, आप्पा?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आप्पांना याआधी कधीच विचारला नव्हता.

"तुला काय वाटतं?"

"सलाईन बेतानं सुरू करतो. सूज आहे, जास्त देता येणार नाही. आणि नळी घालतो, लघवी येते की नाही ते तरी कळेल."

आप्पांनी पोरीच्या ओटीपोटावर तळवा ठेवला. तळवा थरथरत होता. त्यांनी हळूच दाबून पाहिलं, बोटानं वाजवून पाहिलं, आणि डोळे मिटून बसले...

"आहे," ते म्हणाले. "आत थोडी शू आहे. सलाईन लाव. नळीही घालू, लागली तर. आधी हिला विचारू या."

त्यांनी शिवूच्या कानाशी तोंड नेलं. "शिवू, शू करायची का?"

शिवूनं मान हलवली. नाही.

"का गं?"

शिवूनं फुगलेल्या पापण्यांतून नेजदारांकडे पाहिलं.

"त्यो बघतोय."

आप्पा हसले नाहीत. "नेजदार, भिंतीकडे तोंड कर."

"आप्पा, मी डॉक्टर आहे."

"म्हणूनच."

नेजदार वळले. आप्पांनी हात हलवला तशी परत आलेली सिस्टर वळली, शेजारची बाई वळली, तिचं पोरगंसुद्धा वळलं. साऱ्या वॉर्डानं भिंतीकडे तोंड केलं. रेश्मानं लेकीला उचलून भांड्यावर धरलं.

नेजदारांच्या नाकासमोर चुन्याची भिंत होती. तिच्यावर जुन्या पंगतींच्या वेळचा दिव्यांचा काजळडाग होता. त्या डागाखेरीज त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. बाटली दिसत नव्हती, रिपोर्ट नव्हते, पोरीचा चेहराही नव्हता. फक्त ऐकू येत होतं, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"आवाज काढ," आप्पा मागून म्हणाले.

"कसला?"

"तू लहान असताना तुझी आई काढायची तो."

नेजदारांना कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आप्पांनी सुरुवात केली. "शू ऽ ऽ ऽ..."

भगव्या कफनीतला सत्तरीचा माणूस जमिनीवर बसून शू-शू करत होता. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणाच्या तोंडातून हसू फुटलं नाही.

रेश्मानं सूर धरला. मग सिस्टरनं. मग शेजारच्या बाईनं.

"शू ऽ ऽ ऽ..."

नेजदारांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी ओठ ओले केले आणि पुन्हा प्रयत्न केला. आवाज आला, पण तो शिट्टीसारखा बारीक आला, आणि अर्ध्यात तुटला. त्यांनी पुन्हा काढला.

आवाज थांबले. सगळ्यांनी कान दिले.

काही नाही.

अंगणात कुणीतरी बादली ठेवली. नेजदार दचकले. ती बादलीच होती.

"पुन्हा," आप्पा म्हणाले.

"शू ऽ ऽ ऽ..."

नेजदारांनी डोळे घट्ट मिटले. त्यांना कुठलाच देव आठवेना. आठवत होती ती फक्त तळाशी फिरणारी मुंगी. हिची मूत्रपिंडं मी बंद केली. मी, दारात उभा राहून. ही आता यंत्राला बांधली जाईल आणि लोक म्हणतील, औषधानं असं कधीकधी होतं, क्वचित होतं, हजारांत एखाद्याला होतं. आणि मीही तसंच म्हणेन.

"होऊ दे," ते पुटपुटले. "थोडी तरी होऊ दे गं बाई."

...

स्टीलवर टप असा आवाज झाला.

मग आणखी एक. मग बारीक धार लागली, इतकी बारीक की श्वास सोडला असता तर ऐकू आली नसती. कुणी श्वास सोडला नाही.

धार थांबली.

"झाली," शिवू म्हणाली. तिचा आवाज रागावलेला होता. लाज वाटली होती तिला.

नेजदार वळले. आप्पांनी भांडं खिडकीतल्या उजेडाकडे धरलं होतं. तळ जेमतेम झाकला होता. रंग कोऱ्या चहासारखा.

"एवढीच?" नेजदारांनी विचारलं.

"एवढी."

"आप्पा, ही... सुटेल ना यातून?"

आप्पांनी भांडं खाली ठेवलं. 

"तिला चमच्यानं पाणी दे," आप्पा म्हणाले. "वकली तर पुसून घे आणि पुन्हा दे."

नेजदार जमिनीवर बसले आणि चमच्यानं पाणी देऊ लागले.

गाडी दारात उभीच होती. शिवूचा बाप त्याच संध्याकाळी एसटीनं पुण्याला निघाला, बिनसाखरेची बाटली आणायला. निघताना तो लेकीच्या पायाला हात लावून गेला, आणि मग आपण असं का केलं म्हणून स्वतःच घाबरला.

ती रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही. नेजदार खाटेच्या पायथ्यापासून हलले नाहीत. पुन्हा भांडं लागलं तेव्हा कुणी सांगायच्या आधी ते भिंतीकडे वळले.

सकाळी रंग निवळला होता. दुपारी आणखी निवळला. रक्ताचा आकडा वाढायचा थांबला आणि थोडा खाली आला. पापण्या उतरल्या. शिवूनं पेज मागितली. आप्पांनी गाडी परत पाठवायला सांगितलं नाही, पण ड्रायव्हरला जेवून घ्यायला सांगितलं, आणि त्यावरून आम्ही काय ते समजलो.

ताप मात्र होताच. हृदयाचं भय संपलं नव्हतं. औषध अजून अर्धं द्यायचं राहिलं होतं.

त्यानंतरच्या दिवशी बाप बर्फाच्या डब्यात नवी बाटली घेऊन आला. नेजदारांनी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. साखर नव्हती.

ते वॉर्डात गेले. दारात थांबले नाहीत. खाटेशी उकिडवे बसले.

"शिवू, शू झाली का?"

"व्हय."

"मी बघू भांडं?"

शिवूनं जरा विचार केला. "बघ."

त्यांनी भांडं ओढलं, उजेडात धरलं, पाहिलं. मग पाणी किती प्यायली ते विचारलं, आईला नाही, शिवूला. मग सकाळचा रिपोर्ट पाहिला, आणि नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खळगा राहिला नाही.

तेव्हा कुठं त्यांनी बाटली साखळीला टांगली.

नळीचं टोक बाटलीच्या बुचात खुपसायचं होतं. डोळे मिटून करावं इतकं ते त्यांच्या सवयीचं काम. टोक बुचावरून घसरलं. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा घसरलं.

रेश्मा त्यांच्या हाताकडे बघत होती.

"आप्पा..." नेजदारांनी हाक मारली. आप्पा मागेच उभे होते. "तुम्ही लावा. माझा हात थरथरतोय."

"बघू."

नेजदारांनी हात पुढं केला. सुवर्णपदकवाला हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून पाहिला. तोही हलत होता.

आप्पांनी आपला हात त्याच्या शेजारी धरला. दोन्ही हात साखळीखाली, बाटलीखाली, एकाच चालीनं थरथरत राहिले.

"तुमचं वयामुळं होतं," नेजदार कसंबसं म्हणाले. "पण माझं..."

"वयामुळं, असं कोण म्हणालं तुला?"

नेजदारांनी वर पाहिलं.

आप्पांनी हात कफनीत घेतला आणि खाटेच्या पायथ्याशी, भांड्याजवळ जाऊन बसले.

"लाव आता," ते म्हणाले.